पुण्याच्या आकाशातील युग्मतारे : कॅप्टन जेकब आणि हौशी निरीक्षणाची परंपरा

प्रस्तावना

कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब (१८१३–१८६२) यांचे नाव खगोलशास्त्राच्या इतिहासात आजही घेतले जाते, परंतु ते बहुधा एका फसलेल्या दाव्याच्या निमित्ताने. भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या युग्मताऱ्यात एक अदृश्य ग्रहसदृश वस्तू असण्याची दाट शक्यता आहे, असे त्यांनी १८५५ मध्ये मांडले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, प्रत्यक्ष वेधांवर आधारलेला हा अगदी आरंभीचा दावा होय. तो टिकला नाही. त्यामुळे परग्रहांच्या शोधाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार आरंभी दोन ओळींत जेकब यांचा उल्लेख करतात आणि पुढे जातात.

या दोन ओळींत एक गोष्ट हरवते. मद्रास वेधशाळेचे संचालक होण्यापूर्वी जेकब पुण्यात राहत होते. तेथे त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक लहान वेधशाळा उभारली होती आणि तेथून मोजलेल्या २४४ युग्मताऱ्यांची सूची १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली होती. हे काम कोणत्याही सरकारी हुकमाने झाले नव्हते. ते एका हौशी निरीक्षकाचे काम होते. प्रस्तुत निबंधात या पुण्यातील कामाचा विचार युग्मतारा-निरीक्षणाच्या व्यापक परंपरेच्या संदर्भात केला आहे. जेकब यांचे मूल्यमापन त्यांच्या दाव्यावरून करावे की मोजमापांवरून, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

युग्मतारे आणि हौशी निरीक्षक

नुसत्या डोळ्यांना दिसणारी ताऱ्यांची जोडी महाराष्ट्राला अपरिचित नाही. विवाहविधीत नवदांपत्याला दाखविले जाणारे वसिष्ठ व अरुंधती हे सप्तर्षींतील दोन तारे एकमेकांपासून सुमारे १२ कला अंतरावर आहेत. दूरदर्शकातून पाहिल्यास यांतील वसिष्ठ हा स्वतःच दुहेरी असल्याचे आढळते. त्याचे दोन घटक एकमेकांपासून सुमारे १४ विकला दूर आहेत. १६१७ मध्ये बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी या ताऱ्याकडे गॅलिलिओचे लक्ष वेधले. भारतातून दूरदर्शकाने लागलेला पहिला ताराविषयक शोधही युग्मताऱ्याचाच होता. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरी येथे धूमकेतूचे निरीक्षण करीत असताना जेझुइट धर्मगुरू जाँ रिशो यांना नरतुरंगातील आल्फा हा तेजस्वी तारा दुहेरी असल्याचे दिसले.

अशा जोड्यांकडे दीर्घकाळ केवळ योगायोग म्हणून पाहिले गेले. दूरचा एक आणि जवळचा एक असे दोन तारे एकाच दृष्टिरेषेत आले की जोडी भासते, अशी ती समजूत होती. १७६७ मध्ये जॉन मिचेल यांनी संभाव्यतेच्या गणिताने दाखविले की आकाशात इतक्या जवळजवळ असणाऱ्या जोड्यांची संख्या योगायोगाने संभवते त्यापेक्षा खूपच जास्त आहे. तेव्हा त्यांतील बहुतेक जोड्या खऱ्याच एकत्र असल्या पाहिजेत. हा युक्तिवाद त्या काळी फारसा कोणी मनावर घेतला नाही. विल्यम हर्शेल यांनीही आरंभी घेतला नव्हता. इंग्लंडमधील बाथ येथे संगीताच्या शिकवण्या करून उपजीविका करणाऱ्या हर्शेल यांनी १७७९ मध्ये युग्मताऱ्यांचा पद्धतशीर शोध सुरू केला, तो ताऱ्यांचा पराशय मोजण्यासाठी. जोडीतील जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या तुलनेत वर्षभरात किंचित हलताना दिसेल, आणि त्यावरून त्याचे अंतर काढता येईल, ही त्यामागील कल्पना. मार्च १७८१ मध्ये युरेनस सापडला तोही याच शोधाच्या ओघात. १७८२ आणि १७८५ च्या त्यांच्या दोन सूच्यांत मिळून सुमारे सातशे जोड्या होत्या. त्यांतून पराशय काही हाती लागला नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्यावर १८०३ मध्ये हर्शेल यांना सांगता आले की मिथुनेतील कॅस्टरसारख्या काही जोड्यांत एक तारा दुसऱ्याभोवती फिरत आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम सूर्यमालेबाहेरही चालतो याचे हे पहिले निरीक्षणात्मक गमक ठरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हर्शेल यांना हे कळू शकले, कारण त्यांच्याजवळ स्वतःचीच जुनी मोजमापे होती. ज्या प्रश्नासाठी ती घेतली होती तो प्रश्न सुटला नाही; वेगळाच सुटला. युग्मतारा-निरीक्षणाच्या इतिहासात हे पुनःपुन्हा घडलेले दिसते.

एकोणिसाव्या शतकात या क्षेत्रात मोठ्या वेधशाळा उतरल्या. डोर्पाट येथे फ्राउनहोफरने बनविलेल्या सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या दूरदर्शकाने फ्रीड्रिख श्ट्रूव्ह यांनी लाखाहून अधिक तारे तपासले आणि १८२७ मध्ये ३,११२ जोड्यांची सूची प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फेलिक्स साव्हारी यांनी सप्तर्षी परिसरातील झाय या ताऱ्याच्या जोडीची कक्षा प्रथमच गणिताने काढली. तरीही हे क्षेत्र हौशी मंडळींच्या हातून गेले नाही. नौदलातील अधिकारी विल्यम स्मिथ, धर्मोपदेशक विल्यम रटर डॉज, ग्रामीण इंग्लंडमधील धर्मगुरू टॉमस वेब अशी या परंपरेतील नावे आहेत. दूरदर्शकाची भेदनक्षमता सांगणारा जो नियम आज प्रत्येक हौशी निरीक्षक वापरतो, तो डॉज यांच्या नावाचा आहे: ११६ या संख्येला भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले की जेमतेम विलग दिसू शकणाऱ्या जोडीतील अंतर विकलांत मिळते. हा नियम प्रकाशशास्त्राच्या समीकरणातून काढलेला नाही. वेगवेगळ्या आकारांच्या भिंगांतून वर्षानुवर्षे जोड्या पाहून तो ठरविलेला आहे.

हौशी निरीक्षकांना या विषयात स्थान का मिळाले, याचे कारण विषयाच्या स्वरूपातच आहे. अनेक जोड्यांचा प्रदक्षिणाकाल शेकडो वर्षांचा असतो. कोणत्याही एका निरीक्षकाला संपूर्ण कक्षा पाहता येत नाही. प्रत्येकाने आपल्या हयातीतील काही बिंदू नोंदवायचे, तारीख लिहायची आणि पुढच्याच्या हाती सोपवायचे. यासाठी प्रचंड दूरदर्शकापेक्षा चिकाटी, अचूकपणा आणि मोकळ्या रात्री यांची गरज अधिक असते.

जेकब पुण्यात

जेकब यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील वुलाव्हिंग्टन येथे झाला. वडील तेथील धर्मगुरू होते. सिंधमधील जेकबाबाद ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते जॉन जेकब हे त्यांचे थोरले बंधू. कोल्हापूरच्या १८५७ च्या इतिहासात येणारे ले ग्रँड जेकब हे याच घराण्यातील असले तरी वेगळे गृहस्थ होत. मराठी वाचकांच्या मनात या तीन जेकबांची गल्लत होण्याचा संभव असल्याने हा खुलासा आवश्यक वाटतो. विल्यम जेकब यांनी १८२८ मध्ये ॲडिस्कोम येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकी विद्यालयात प्रवेश घेतला, चॅटम येथे अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले आणि १८३१ मध्ये ते मुंबईस आले. मुंबई इंजिनिअर्स या दलातील अधिकारी म्हणून त्यांचा भूमापनाच्या कामाशी संबंध आला. याच काळात, १८४२ मध्ये, त्यांनी पुण्यास स्वतःची खासगी वेधशाळा थाटली.

भूमापन आणि युग्मतारे यांचा संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा निकटचा आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दूरच्या दोन बिंदूंमधील कोन वारंवार मोजायचा, प्रत्येक वाचनातील चूक अंदाजायची आणि सरासरी घ्यायची, हीच शिस्त असते. युग्मताऱ्याच्या मापनात फक्त कोन अतिशय लहान होतात. एक विकला म्हणजे पंचवीस मिलिमीटर व्यासाचे नाणे सुमारे पाच किलोमीटरवरून पाहिल्यास जेवढे दिसेल तेवढा कोन. दिवसा थिओडोलाइट वापरणाऱ्या माणसाने रात्री मायक्रोमीटर हाती घ्यावा, यात नवल नाही.

१८४३ मध्ये जेकब रजेवर इंग्लंडला गेले, १८४४ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि १८४५ मध्ये ते परतले. कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचल्यावर त्यांनी कंपनीची नोकरी सोडली आणि शास्त्रीय कामास वाहून घेतले. त्यांचे साधन म्हणजे डॉलंड या प्रसिद्ध लंडनकर कारागिराचा पाच फूट लांबीचा, विषुववृत्तीय बैठकीवर बसविलेला दूरदर्शक. श्ट्रूव्ह यांच्या डोर्पाट येथील यंत्रापुढे हे साधन अगदीच मामुली होते. मात्र जेकब यांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे पुण्याचे अक्षांश. डोर्पाट उत्तरेस सुमारे ५८ अंशांवर असल्याने श्ट्रूव्ह यांची पाहणी खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १५ अंशांपर्यंतच मर्यादित राहिली. पुण्याहून वृश्चिक, धनु व दक्षिण मुकुट हे तारकासमूह चांगले वर आलेले दिसतात. आल्फा नरतुरंगही दक्षिण क्षितिजापासून दहा अंशांहून थोडा अधिक वर येतो. जॉन हर्शेल यांनी १८३४ ते १८३८ या काळात केप ऑफ गुड होप येथून दक्षिण आकाशाची पाहणी केली होती. परंतु त्या जोड्या पुन्हा मोजणारे निरीक्षक फारच थोडे होते. दुसरी गोष्ट म्हणजे पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने लाभणाऱ्या निरभ्र रात्री. इंग्लंडमधील कोणत्याही हौशी निरीक्षकाने या रात्रींचा हेवा केला असता.

१८४५ ते १८४८ या काळातील ही निरीक्षणे सोसायटीच्या ‘मेमॉयर्स’च्या सतराव्या खंडात छापली गेली. काही प्रसिद्ध जोड्यांच्या कक्षाही जेकब यांनी गणिताने काढल्या. १८४७ मध्ये त्यांना वृश्चिकेतील न्यू हा तारा दुहेरी नसून तिहेरी असल्याचे दिसले: हर्शेल यांनी नोंदविलेल्या विस्तृत जोडीतील मंद तारा स्वतःच दोन ताऱ्यांचा होता. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ऑर्म्सबी मिशेल यांनाही त्याच सुमारास तेच आढळले आणि आजच्या सूचीत या जोडीपुढे मिशेल यांचे नाव आहे. श्रेयाच्या दृष्टीने पाहिल्यास जेकब येथेही मागेच राहिले.

त्या काळच्या पुण्यातील ज्योतिर्विद्येचे वातावरण लक्षात घेतले तर हे काम किती एकाकी होते याची कल्पना येते. महाराष्ट्रात आकाशाचे गणित जाणणारे विद्वान होते आणि नव्या पाश्चात्त्य पद्धतीशीही त्यांचा परिचय होऊ लागला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी कुलाबा वेधशाळेत काम केले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु या सर्व प्रयत्नांचा रोख पंचांगाच्या शुद्धीकडे होता. ग्रहणे, तिथी आणि ग्रहांची स्थाने अचूक मिळणे ही समाजाची गरज होती. दोन मंद ताऱ्यांमधील पाच विकलांचे अंतर सहा झाले काय अन्‌ सात झाले काय, त्याने कोणत्याही सणाची तारीख बदलत नाही. ज्या ज्ञानाला तात्काळ उपयोग नसतो त्याला आश्रयदाता मिळणे कठीण असते. जेकब यांच्या बाबतीत आश्रयदाते ते स्वतःच होते. सत्ताधारी वर्गातील अधिकाऱ्याला ही चैन परवडत होती, हेही नाकारता येत नाही.

मोजण्याची रीत

युग्मताऱ्याचे मापन म्हणजे दोनच संख्या. एक, मुख्य ताऱ्यापासून सोबत्याचे विकलांतील अंतर. दुसरी, उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला त्याचा दिशाकोन. त्यांच्याबरोबर निरीक्षणाचा दिनांक वर्षाच्या दशांशांत लिहितात. या दोन संख्यांसाठी दूरदर्शकाच्या नेत्रभिंगाशी मायक्रोमीटर जोडलेला असे. त्यात कोळ्याच्या जाळ्याचे अतिशय बारीक समांतर धागे ताणलेले असत. एक धागा स्थिर आणि दुसरा सूक्ष्म पेचाने सरकणारा. सर्व सांगाडा फिरवून धागा दोन्ही ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेस समांतर आणला की वर्तुळावर दिशाकोन वाचायचा. मग सांगाडा काटकोनात वळवून एकेका ताऱ्यावर एकेक धागा आणायचा आणि पेचाचे फेरे मोजायचे. हे सर्व चालू असताना पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे सरकत असतात, हवेच्या चंचलतेमुळे त्यांची बिंबे थरथरत असतात, आणि धागे दिसावेत म्हणून पाडलेल्या दिव्याच्या प्रकाशात मंद सोबती लुप्त होऊ पाहतो.

या रीतीत चुकीचे दोन प्रकार संभवतात. एक यादृच्छिक, तो अनेक वेधांच्या सरासरीने कमी होतो. दुसरा अधिक कपटी असतो. डोळ्यांच्या व मस्तकाच्या ठेवणीनुसार प्रत्येक निरीक्षक विशिष्ट दिशेच्या जोड्यांचा कोन सातत्याने थोडा कमी किंवा थोडा जास्त वाचतो. ही चूक सरासरीने जात नाही. उलट सरासरीमुळे ती खऱ्या मोजमापासारखी दिसू लागते. जोडी फिरता फिरता तिची दिशा बदलते, तशी ही चूकही हळूहळू बदलत जाते आणि एखाद्या खऱ्या हालचालीचा आभास निर्माण करते.

सत्तर भुजंगधारी

डिसेंबर १८४८ मध्ये जेकब यांची मद्रास वेधशाळेच्या संचालकपदी नियुक्ती झाली. तेथे १८५० मध्ये त्यांच्यासाठी पॅरिसच्या लेरेबूर यांच्याकडून ६.३ इंच व्यासाचा दूरदर्शक तयार करून घेण्यात आला. या साधनाने त्यांनी २५० युग्मताऱ्यांची ९९८ मोजमापे घेतली, म्हणजे दर जोडीमागे सुमारे चार. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ झाल्यावरही पुण्यातील आवड त्यांनी सोडली नाही, हे यावरून दिसते. मद्रासमध्ये ते या छंदात एकटेही नव्हते. प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले प्राचार्य आयर बर्टन पॉवेल हे अध्यापन व शिक्षणखात्याचे काम सांभाळून युग्मतारे मोजत आणि कक्षा काढत.

७० भुजंगधारी ही जोडी हर्शेल यांनी १७७९ मध्येच नोंदविली होती. ती आपल्यापासून सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षे दूर आहे आणि तिचा प्रदक्षिणाकाल ८८ वर्षांहून थोडा अधिक आहे. जवळची, तेजस्वी आणि त्या मानाने जलद फिरणारी असल्याने तिची मोजमापे भरपूर झाली होती. तरीही निरनिराळ्या गणितज्ञांनी काढलेल्या कक्षा एकमेकींशी जुळत नव्हत्या. अपेक्षित दिशाकोन आणि प्रत्यक्ष दिशाकोन यांत ठराविक पद्धतीने फरक पडत होता. न्यूटनचा नियम तेथे ढळतो की काय, अशीही शंका काहींनी बोलून दाखविली होती. जेकब यांनी नियमाला हात न लावता तिसरी, न दिसणारी वस्तू कल्पिली.

ही कल्पना त्या काळी विक्षिप्त नव्हती. फ्रीड्रिख बेसेल यांनी १८४४ मध्ये व्याध आणि प्रश्वा या दोन ताऱ्यांच्या मार्गातील वळणांवरून त्यांना अदृश्य सोबती असल्याचे भाकीत केले होते, आणि ३१ जानेवारी १८६२ रोजी ॲल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना व्याधाचा सोबती प्रत्यक्ष दिसलाही. युरेनसच्या गतीतील फरकावरून १८४६ मध्ये नेपच्यून सापडल्याची घटना तर ताजीच होती. जेकब यांचे तर्कशास्त्र या थोर उदाहरणांसारखेच होते. कमी पडली ती मोजमापांची अचूकता. सहा विकला अंतरावरील जोडीत दिशाकोनातील एका अंशाची चूक म्हणजे आकाशात विकलेचा जेमतेम दहावा भाग. हवेच्या थरथरीत आणि कोळ्याच्या धाग्याच्या जाडीत एवढा फरक सहज लपतो. जेकब यांनी आपला निष्कर्ष ‘संभाव्य’ या कोटीत ठेवला होता, ही गोष्टही न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे.

पुढील पिढीने तो संयम दाखविला नाही. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ टी. जे. जे. सी यांनी १८९६ मध्ये याच जोडीत ३६ वर्षांच्या प्रदक्षिणाकालाचा काळा सोबती असल्याचे ठामपणे जाहीर केले. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखविले की अशी तिहेरी रचना टिकणेच शक्य नाही. त्यावर सी यांनी इतक्या कडवटपणे उत्तर दिले की संबंधित नियतकालिकाने त्यांच्यासाठी आपली दारे बंद केली. १९४३ मध्ये या जोडीत ग्रह असल्याचे पुन्हा एकदा प्रतिपादन झाले. १९८८ मध्ये वुल्फ हाइन्ट्स यांनी उपलब्ध सर्व मोजमापे तपासली आणि तिसऱ्या वस्तूला कोणताही आधार नसल्याचे सांगितले.

हाइन्ट्स यांनी हा निर्णय कशाच्या आधारे दिला, याकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष जात नाही. दोन शतकांच्या मोजमापांची मालिका समोर होती म्हणूनच तो देता आला. जेकब यांच्यासारख्या निरीक्षकांचे वेध त्या मालिकेतील दुवे आहेत. ज्या कष्टांनी दाव्याला जन्म दिला, तेच कष्ट तो खोडून काढण्याच्या कामी आले. सी यांच्या ठाम विधानांपेक्षा पुण्या-मद्रासच्या तक्त्यांतील रुक्ष आकड्यांचे आयुष्य अधिक ठरले. तेव्हा जेकब यांना केवळ फसलेल्या ग्रहशोधाचे जनक म्हणून लक्षात ठेवणे हा इतिहासलेखनातील सोयीचा, पण अपुरा न्याय आहे.

डोंगरावरील वेधशाळेची योजना

प्रकृती ढासळल्यामुळे जेकब १८५८ मध्ये रजेवर मायदेशी गेले आणि पुढे त्यांनी मद्रासच्या पदाचा राजीनामा दिला. त्यांचा मद्रासचा दूरदर्शक कालांतराने कोडाईकनाल वेधशाळेत गेला. जुलै १८६० च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी स्पेनला गेलेल्या मोहिमेत ते होते. मात्र त्यांचे मन पुण्याकडेच लागलेले दिसते. चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८५६ मध्ये तेनेरीफ बेटावरील डोंगरावर दूरदर्शक नेऊन उंचावरील हवा निरीक्षणास किती अनुकूल असते ते दाखविले होते. तशीच वेधशाळा पुण्याजवळच्या डोंगरावर उभारण्याची योजना जेकब यांनी मांडली. १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तिच्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. यंत्र मात्र जेकब यांनी स्वतःच विकत घेतले होते: लेरेबूर यांचाच, पण नऊ इंच व्यासाचा दूरदर्शक. तीन वर्षे तेथे राहून काम करण्याचे त्यांनी स्वीकारले होते.

योजनेतील स्थळाची उंची त्यांच्या चरित्रात पाच हजार फूट अशी दिली जाते. पुण्याच्या परिसरातील सिंहगड व पुरंदर हे दोन्ही डोंगर त्याहून काही शे फुटांनी कमी भरतात. तेव्हा हा आकडा ठोकळ मानावा लागतो. ८ ऑगस्ट १८६२ रोजी जेकब मुंबईच्या बंदरात उतरले. बोरघाटातील लोहमार्ग एप्रिल १८६३ मध्ये खुला झाला, त्यामुळे ऐन पावसाळ्यात घाटाचा टप्पा रस्त्यानेच पार करावा लागे. १६ ऑगस्ट रोजी, पुण्यास पोहोचताच, जेकब यांचे निधन झाले. ते तेव्हा एकोणपन्नास वर्षांचेही नव्हते. योजना तेथेच संपली.

डोंगरमाथ्यावर कायमस्वरूपी वेधशाळा प्रत्यक्षात आली ती १८८८ मध्ये, कॅलिफोर्नियातील माउंट हॅमिल्टनवर. त्या डोंगराची हवा कशी आहे हे ठरविण्यासाठी १८७९ मध्ये ज्यांना पाठविले गेले ते शेर्बर्न बर्नहॅम हे शिकागोच्या न्यायालयातील लघुलेखक होते. दिवसा न्यायालयाचे काम आणि रात्री घरामागील सहा इंची दूरदर्शक असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांनी शोधलेल्या जोड्या तेराशेच्या घरात जातात. वृश्चिकेतील न्यू या ताऱ्याचा तेजस्वी घटकही त्यांनीच दुहेरी असल्याचे दाखविले. डोंगरावर त्यांनी युग्मतारेच पाहिले, कारण हवा शांत आहे की नाही हे ओळखण्यास निकट जोडीइतकी चांगली कसोटी नाही. जेकब यांना पुण्याच्या डोंगरावर जे करावयाचे होते त्याची ही दुसऱ्या भूमीवरील परिपूर्ती म्हणता येईल.

नंतरचा काळ

पुण्यात खगोलशास्त्र पुन्हा आले ते वेगळ्या रूपाने. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी तेथे वीस इंची आरशाच्या दूरदर्शकाने वर्णपटांचा अभ्यास केला. १९१२ मध्ये ती बंद होऊन साधने कोडाईकनालला गेली. जगभर हेच घडत होते. व्यावसायिक शास्त्रज्ञ वर्णपटाकडे आणि छायाचित्रणाकडे वळले आणि जोड्यांचे कोन मोजण्याचे काम अधिकाधिक हौशी निरीक्षकांकडे आले. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे हौशी निरीक्षणाला संस्थेचे रूप मिळाले.

वॉशिंग्टन येथील नौदल वेधशाळेने सांभाळलेल्या युग्मताऱ्यांच्या सूचीत आज दीड लाखाहून अधिक जोड्या आहेत. तीत प्रत्येक शोधकाला अक्षरांचा संकेत दिलेला असतो. जेकब यांचा संकेत ‘जे. सी.’ असा आहे. हौशी निरीक्षकांची मोजमापे प्रसिद्ध करणारे एक स्वतंत्र नियतकालिक २००५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले आणि त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची कामेही छापली जातात. कोळ्याच्या धाग्यांची जागा अंकीय कॅमेऱ्याने घेतली आहे. शेकडो क्षणचित्रे घेऊन त्यांतील हवा शांत असतानाची तेवढी निवडली की लहान दूरदर्शकातूनही विकलेच्या अगदी लहान भागापर्यंत अंतर मोजता येते. युरोपच्या गाया या अंतराळयानाने २०१३ ते २०२५ या काळात कोट्यवधी ताऱ्यांची स्थाने मोजल्याने विस्तृत जोड्यांबाबत हौशी कामाची गरज पुष्कळच कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु अतितेजस्वी तारे आणि अगदी निकटच्या जोड्या या यानाला अवघड जातात. शिवाय त्याची मोहीम सुमारे अकरा वर्षांची होती. शेकडो वर्षांच्या कक्षेपुढे तोही एक लहानसा तुकडाच.

७० भुजंगधारीने जेकब यांच्या पुण्यातील वर्षांपासून आपल्या दोन प्रदक्षिणा पूर्ण केल्या आहेत. १८४५ ते १८४८ मध्ये या दोन ताऱ्यांची जी मांडणी होती ती २०२२ ते २०२५ च्या दरम्यान पुन्हा आली. ज्या मांडणीवरून १८५५ चा दावा निघाला ती २०३२ च्या सुमारास येईल. सध्या घटकांमधील अंतर सहा विकलांहून अधिक असल्याने तीन इंची दूरदर्शकातही जोडी सहज विलग दिसते. पुण्याहून ती जूनअखेर मध्यरात्री सर्वांत वर येते, म्हणजे नेमकी पावसाळ्यात. त्यामुळे तिच्या मापनासाठी एप्रिल-मे महिन्यांतील उत्तररात्र किंवा पाऊस ओसरल्यानंतर ऑक्टोबरमधील सायंकाळ निवडावी लागते.